टोळीच्या बदल्यात दिलेला गडी

आमच्या गावानं एक माणूस दिला आणि त्याच्या बदल्यात ऊसतोडीची एक टोळी घेतली. हा व्यवहार कुठं लिहिलेला नाही, त्यावर कुणाचा अंगठा नाही. आज गावात विचाराल तर लोक म्हणतील, असलं काही झालंच नव्हतं, म्हातारा बरळतोय. बरळू दे. मी त्या व्यवहारात होतो, आणि नुसता बघ्या म्हणून नव्हतो.

कोयनेचा भूकंप व्हायला अजून तीन-चार वर्षं होती, तेव्हाची ही गोष्ट. आमचं गाव सातारा आणि सांगली जिल्ह्यांच्या शिवेला चिकटलेलं. साताऱ्याचे लोक आम्हाला सांगलीकडचे समजत आणि सांगलीचे साताऱ्याकडचे, त्यामुळे रस्ता काय, एसटी काय, वीज काय, कुठलीही गोष्ट आमच्यापर्यंत येता येता थकून जायची. नवा साखर कारखाना निघाला तेव्हाही तेच झालं. आम्ही सभासद झालो, मोठ्या उत्साहानं ऊस लावला आणि मग कळलं की कारखान्याच्या हद्दीत आमचं गाव अगदी शेवटच्या टोकाला आहे. ऊस तोडणारी टोळी कारखाना पाठवणार, आणि ती कारखान्याजवळच्या गावांपासून तोडत तोडत आमच्याकडे यायची. संक्रांतीला तोडायचा ऊस आमच्या शिवारात पाडवा उलटला तरी उभाच. तुरे येऊन पोकळ झालेला, उन्हानं वाळलेला. वर्षभर पाणी पाजून वाढवलेलं पीक डोळ्यांदेखत हलकं होताना बघायचं. माझे वडील, त्यांना आम्ही आबा म्हणायचो, बांधावर उभे राहून कारखान्याच्या दिशेनं शिव्या द्यायचे. वारा उलट्या बाजूचा असायचा.

गावात दुसरी एक गोष्ट मात्र पहिल्या नंबरची होती. हुतूतू. आताचे लोक कबड्डी म्हणतात, म्हणोत. आमचा संघ शिराळ्यापासून कऱ्हाडपर्यंत खेळून यायचा आणि बहुतेक वेळा ढाल घेऊन यायचा, आणि याचं कारण एकच होतं. आमच्याकडे तो होता.

त्याचं नाव मी घेणार नाही. अंगानं तो काही दांडगा नव्हता. बुटका, मानेला आखूड, चालताना पाय थोडे बाहेर टाकणारा. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटायचं, हा काय चढाई करणार. दमसुद्धा इतका हळू घ्यायचा की पंचाला वाकून कान द्यावा लागे. आणि मग एकाएकी तो बसायचा, हात मारायचा, उठायचा, समोरचे दोघं एकमेकांवर पडलेले असायचे आणि हा मधल्या रेषेवर पोचलेला. मी आमच्या संघाचा डावा कोपरा. रोज सरावात त्याला धरायचं काम माझं. आठ वर्षं मी त्याचे घोटे धरले. त्याच्या पायाचं प्रत्येक हाड मला माहीत होतं म्हटलं तरी चालेल.

तो बौद्ध वस्तीतला. आम्ही मिसरूडही न फुटलेले होतो तेव्हा त्या वस्तीनं धर्म बदलला, देव्हारे काढले. गावानं त्यांच्याशी वागायची पद्धत मात्र बदलली नाही. खेळाच्या मैदानात सात जण त्याला मिठ्या मारायचे, त्याच्या घामानं आमची अंगं भिजायची, आणि खेळ संपला की त्याच्या ओंजळीत वरून पाणी. तो आमच्या घराच्या उंबऱ्याच्या आत कधी आला नाही, आणि यात काही चुकतंय असं मला तेव्हा वाटलंही नाही. हे लिहायला लाज वाटते. पण न लिहिता पुढचं सांगता येणार नाही.

त्याची किंमत बाहेरच्यांनी आमच्याआधी ओळखली होती. सांगलीच्या एका आडत व्यापाऱ्यानं आपल्या पेठेच्या संघासाठी त्याला गोदामात ठेवून घ्यायची तयारी दाखवली. पण सगळ्यांत मोठी मजा केली नदीपलीकडच्या गावानं. त्या गावातल्या मानकऱ्यांनी आपल्या बौद्ध वस्तीतली एक लग्नाची मुलगी शोधून काढली आणि निरोप धाडला की स्थळ चांगलं आहे, अट एवढीच की मुलानं इकडंच राहायचं आणि इकडूनच खेळायचं. मुलीला कुणी विचारलं होतं की नाही, देव जाणे. त्याची आई खमकी. ती निरोप्याला म्हणाली, "लोकं पोरीसाठी जावई बघत्यात, तुमी संघासाठी बघाय लागलाय व्हय?" निरोप्या चहासुद्धा न घेता गेला. आम्ही त्याला महिनाभर 'जावईबापू' म्हणून चिडवलं. तोही हसायचा.

त्याला खरं काय हवं होतं ते मला माहीत होतं. त्याला कायमची नोकरी हवी होती, आणि नोकरीपेक्षाही नोकरीबरोबर मिळणारी खोली. कारखान्याच्या कामगारांना पत्र्याच्या चाळी बांधलेल्या होत्या आणि प्रत्येक खोलीत नळ होता, हे त्यानं कुठंतरी ऐकलं होतं. त्याची आई रोज नदीवर जाऊन डोक्यावरून पाणी आणायची, कारण गावच्या आडावर त्यांना पोहरा टाकता येत नव्हता. "आईला त्या खोलीत न्याची हाय," एवढंच तो बोलायचा. त्याच्या घरात उसाचं एक कांडंही पिकत नव्हतं. जमीनच नव्हती.

कारखान्याच्या शेतकी खात्यात एक साहेब होते. कुठल्या गावात टोळी कधी जाणार हे तेच ठरवायचे. या साहेबांना हुतूतूचं भयंकर वेड होतं. कारखान्याचा संघ त्यांनीच उभा केला होता, आणि त्याला एक चढाईवाला कमी पडत होता. एका सामन्यात त्यांनी आमच्या गड्याला बघितलं आणि दुसऱ्याच आठवड्यात आबांना बोलावणं आलं. आबा आमच्या सोसायटीचे कारभारी. परत आले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर असं हसू मी पूर्वी पाहिलं नव्हतं. साहेबांचं म्हणणं सरळ होतं. गडी द्या, त्याला कामाला लावतो, चाळीत खोली देतो, पहिला हंगाम हंगामी म्हणून आणि पुढं कायम. आणि तुमच्या गावाला पहिल्या पंधरवड्यातच टोळी पाठवतो.

"एका गड्याला अख्खी टोळी!" आबा पारावर बसून सगळ्यांना सांगत होते. "आन तेच्या बी जल्माचं कल्यान."

हे खोटं नव्हतं, हेच वाईट. त्याचंही भलं होणार होतं. हल्ली खेळाडूंचे लिलाव होतात म्हणे, सगळ्यांसमोर, हात वर करून. लोक त्याला नावं ठेवतात. मला तसं वाटत नाही. तिथं निदान ज्याला विकतात त्याला आपला भाव ऐकू तरी येतो. आमच्याकडे त्याला सांगितलं ते नोकरीचं. टोळीचं त्याला कुणी सांगितलं नाही. त्याला ते कळलं, गावात लपून काय राहतं, पण सांगितलं कुणी नाही.

आणि नेमक्या त्या वर्षी नागपंचमीच्या सामन्यात त्याचा गुडघा गेला. मैदान मुरमाचं होतं. पाय अडकला, वरून तिघं पडले, आणि मी शेजारीच असल्यानं तो आवाज ऐकला. तो ओरडला नाही. उठला, लंगडत बाहेर गेला. हाडवैद्यानं लेप घातला, बांबूच्या पट्ट्या बांधल्या. सूज उतरली. चालायला लागला. पण सरावात मी त्याचा घोटा धरला की मला कळायचं. पूर्वी तो पाय माझ्या हातात एकदम ताठ व्हायचा आणि निसटायचा. आता तो हलायचा, वर कुठंतरी सैल होता. मी त्याला नुसतं धरून ठेवलं तरी तो सुटू शकत नव्हता. त्याची आई म्हणत होती, मिरजेला नेऊन मोठ्या डॉक्टरला दाखवू. आम्ही म्हटलं, दाखवू, दाखवू, आधी निवड होऊ दे.

कारण साहेब निवड करायला येणार होते. हा त्यांचा हट्ट होता. नुसत्या कीर्तीवर माणूस घेणार नाही, समोर खेळवून घेणार. आणि ते खरे जाणकार होते, दुसऱ्या गावाचा संघ आणू नका म्हणाले. तुमच्याच गावचे सगळ्यांत चांगले धरणारे त्याच्यासमोर उभे करा, त्याच्या सगळ्या खोडी ज्यांना माहीत आहेत ते. त्यांच्या हातून सुटला तर खरा. म्हणजे परीक्षा आमच्या हातात.

गणपती नुकतेच बोळवले होते. निवडीच्या दिवशी सकाळी आबांनी आम्हा सातही धरणाऱ्यांना देवळात बोलावून घेतलं. तो अर्थातच नव्हता. देवळात तो येतच नव्हता. आबा फार बोलले नाहीत.

"धरायचं," ते म्हणाले, "पर ठिवायचं न्हाई."

आमच्यातला एक जण म्हणाला, "आन साहेबाच्या ध्यानात आलं तर?"

"येनार न्हाई. तुमी काय आज खेळाय लागलाय व्हय?"

मी म्हणालो, "आबा, गुडघा लय सैल हाय तेचा. थितं गेल्यावर सामन्यात काय करंल?"

"तवर बरं हुतंय. तरनं हाड हाय. महिना-दीड महिना हाय की हातात." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "आपला ऊस बघितलास का औंदाचा?"

मी बघितला होता. गेली तीन वर्षं वाळत होता, पण त्या वर्षी तो असा आला होता की पेरं मनगटाएवढी. मी मान हलवली. आम्हाला ते वाईट वाटलंच नाही, उलट आम्ही त्याच्यावर उपकार करतोय असंच वाटत होतं. आपल्या गड्याला नोकरी लागावी म्हणून आपण हात सैल सोडायचा, यात वाईट काय? देवळातून निघताना आम्ही चेष्टामस्करी करत होतो.

त्याला हे सांगायचं नाही असं ठरलं. कळलं तर खेळणार नाही, तेवढा मानी आहे, असं आबा म्हणाले.

दुपारी साहेब जीपमधून आले. खुर्ची रेषेच्या बाजूलाच मांडली होती. सगळं गाव लोटलं होतं, बायकासुद्धा शाळेच्या ओट्यावर उभ्या. तो आला, मातीला हात लावला, आणि चढाईला सुरुवात केली.

त्या दिवसाइतका चांगला मी आयुष्यात कधी खेळलो नाही. हे विचित्र वाटेल, पण खरं आहे. धरून सोडणं हे धरून ठेवण्यापेक्षा कितीतरी अवघड. मी झेपावत होतो, घोटा पकडत होतो, मनात 'एक' मोजत होतो आणि बोटं ढिली करत होतो, आणि ती ढिली करताना खांद्याला असा झटका देत होतो की बघणाऱ्याला वाटावं त्यानंच पाय हिसडून घेतला. तोंड मातीत घासलं. दात ओठात रुतून रक्त आलं, ते मी पुसलं नाही. मधल्या दोघांनी साखळी केली आणि ती अशी तुटू दिली की लोकांनी आरोळी ठोकली. तो सुटत होता आणि रेषेवर पोचत होता. एकदा तर आम्ही पाच जण त्याच्या अंगावर होतो. पाच जणांतून तो बाहेर आला आणि बायकांनी टाळ्या वाजवल्या.

साहेब उठले. आबांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "असा गडी मी जिल्ह्यात बघितला नाही." मग जाता जाता माझ्याकडे बघून म्हणाले, "हा डावा कोपराही चांगला आहे." आबा हसले.

जायच्या दिवशी गावानं त्याला फेटा बांधला. हलगी लावून एसटीच्या थांब्यापर्यंत नेला. आमच्या आळीतून. त्याच्या घराण्यातल्या कुणाला वाजतगाजत त्या आळीतून जाताना मी पहिल्यांदाच बघितलं. त्याची आई मागं मागं चालत होती, ट्रंक डोक्यावर घेऊन, आणि तिच्या डोक्यावरची ट्रंक घ्यायचं कुणाला सुचलं नाही. मलाही नाही. माझ्या शेजारून जाताना ती म्हणाली, "मिरजंला दाखवायचं ऱ्हायलंच बग."

दिवाळीनंतर टोळी आली. नगर-बीडकडची माणसं, वीसेक बैलगाड्या, बायका, तान्ही मुलं. गावानं आजवर त्यांना चैत्रातच बघितलं होतं. संक्रांतीच्या आत आमचं शिवार मोकळं झालं. उसाचा काटा झाला तेव्हा आबा कारखान्यावर स्वतः गेले होते, आणि येताना पिशवीभर जिलेबी घेऊन आले. त्यातली थोडी बौद्ध वस्तीत पाठवली का, हे मला आठवत नाही. पाठवली नसणार.

मी एकदा त्याच्या खोलीवर गेलो. पत्र्याची, एकाच खिडकीची खोली. कोपऱ्यात मोरी आणि मोरीवर पितळी तोटीचा नळ. त्याच्या आईनं मला तो चालू करून दाखवला, बंद करून दाखवला, पुन्हा चालू केला. घरात असेल नसेल ते सगळं तिनं भरून ठेवलं होतं, हंडे, तांबे, डबे, दिव्याच्या तेलाची रिकामी बाटलीसुद्धा. तिनं मला पेला भरून दिला आणि मी तो प्यालो. गावचं कुणी तिथं बघत नव्हतं म्हणून प्यालो, हेही सांगून टाकतो. तो खाटेवर बसून गुडघ्याला फडकं गुंडाळत होता. "सूज हाय का?" मी विचारलं. "न्हाई," तो म्हणाला, "सवय लागलीया बांदायची." मी पेला मोरीत ठेवून उठलो.

कारखान्याच्या संघाचा पहिला मोठा सामना सांगलीत होता. मी एसटीनं बघायला गेलो. समोरचा संघ सांगली शहरातला, तालमीतली पोरं. त्यांना आमच्या उसाशी काय देणंघेणं? पहिल्या दोन चढायांत तो नुसता रेषेवरून फिरून आला. तिसरीला आत गेला. त्यांचा डावा कोपरा माझ्याच अंगाचा होता, माझ्यासारखाच वाकून उभा. त्यानं घोटा धरला. मी मनात 'एक' मोजलं. तो सोडेना. त्याला सोडायचं कारणच नव्हतं. आमच्या गड्यानं पाय पिळून काढायला गुडघा वळवला, आणि मग जे झालं ते मी बघितलं नाही, कारण मी डोळे मिटून घेतले होते. लोक एकदम गप्प झाले. डोळे उघडले तेव्हा त्याला चौघं उचलून नेत होते आणि त्याचा पाय भलत्याच बाजूला लोंबत होता.

हंगाम संपेपर्यंत कारखान्यानं त्याला ठेवला. गव्हाणीत, जिथून ऊस चरकाकडे जातो तिथं, मोळ्या सारायला उभा केला, एका पायावर. मिरजेच्या डॉक्टरनी उशीर झाला म्हणून सांगितलं. हंगाम संपल्यावर पुढच्या वर्षी यायचं नाही असं त्याला कळवलं आणि खोली मोकळी करायला सांगितली. साहेबांनी आबांना बोलावून घेतलं. मी बरोबर होतो. साहेब ओरडले नाहीत. म्हणाले, "माल खराब दिलात." आबांनी मान खाली घातली. "टोळी पुढच्या वर्षी पाहिजे का?" आबा म्हणाले, पाहिजे. साहेबांनी माझ्याकडे बोट केलं.

मला वाटतं, माझ्या आयुष्यात विचार करायची हीच एक वेळ आली होती. मी विचार केला नाही. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. एक गडी मोडला तर दुसरा देऊन व्यवहार पुरा करायचा, आणि तो दुसरा मी. नोकरी, खोली, गावात मान. आबांनी इस्लामपूरहून मला नवा शर्ट आणला. मी गेलो त्या दिवशीही हलगी होती, आणि ती वाजवणारे त्याच्याच वस्तीतले होते. जमिनीवाल्या घरचा म्हणून मला त्याच्यापेक्षा मोठी खोली मिळाली, दोन खिडक्यांची.

तो आईला घेऊन गावी परतला. सगळं गाव त्याच्यासाठी हळहळायचं, लय वंगाळ झालं म्हणायचं. काम मात्र कुणी दिलं नाही, कारण लंगड्या माणसाला काय काम देणार? शेवटी आबांनीच दिलं. आमच्या ज्वारीच्या रानात माळा बांधून दिला आणि गोफण दिली. पाखरं राखायची. दिवसभर बसून करायचं काम. आबा हे काम फार कौतुकानं सांगायचे, बघा, आम्ही त्याला वाऱ्यावर सोडलं नाही.

दोन वर्षांनी मी कायम झालो. सही केलेला कागद हातात आला त्या आठवड्यात साताऱ्याचे पेढे घेऊन गावी गेलो. घरोघरी वाटले. मग राहवेना म्हणून दुपारी रानात गेलो. ज्वारी हुरड्याला आली होती. तो माळ्यावर बसला होता, एक पाय दुमडलेला आणि एक लाकडासारखा सरळ. मी वर चढलो. पेढा दिला. त्यानं तो लगेच खाल्ला नाही, फडक्यात बांधला, आईसाठी असेल.

"कायम झालास म्हनं."

"व्हय."

"ब्येस झालं, गड्या."

त्याच्या बोलण्यात वाकडं काही नव्हतं. वाकडं असतं तर मी गप्प बसून खाली उतरलो असतो. पण ते ऐकून मला बसवेना, आणि जे दोन वर्षं छातीत घेऊन फिरत होतो ते मी भडाभडा बोलून टाकलं. निवडीच्या दिवशी आम्ही सोडत होतो. देवळात ठरलं होतं. मीसुद्धा सोडत होतो, सगळ्यांत जास्त मीच. तू त्या दिवशी सुटत नव्हतास, आम्ही तुला सोडवत होतो. गुडघा बरा नाही हे मला माहीत होतं. तू गेलास ते आमच्यामुळे.

त्यानं गोफणीत खडा घातला, फिरवला आणि सोडला. ज्वारीवरून चिमण्यांचा थवा उठला आणि पलीकडे जाऊन बसला.

"ठावं हाय की," तो म्हणाला.

मला वाटलं, नंतर कुणीतरी सांगितलं असेल. तसं मी म्हणालो.

"सांगाय कशाला पायजे? आट वर्सं धरलास मला. तुजा हात मला कळत न्हाई व्हय? दुसऱ्या चढाईलाच कळलं."

"मग थांबला का न्हाईस रं?"

"थांबलो हुतो." तो माझ्याकडे न बघता म्हणाला. "तिसऱ्या चढाईला मदल्या रेगंवर हुबा ऱ्हायलो. दम टाकून दिला, हात खाली सोडलं. म्हनलं, आता येक जन तरी म्हनंल, पुरं कर, मिरजंला जा. लय येळ हुबा ऱ्हायलो. मग बगितलं तर सगळी त्या सायबाच्या तोंडाकडं बगत हुती. तू बी. मग म्हनलं, येवढी सगळ्यांची गरज हाय तर जाऊ."

तो पुन्हा खडा शोधायला लागला.

मी खूप आठवून पाहिलं. तिथं माळ्यावर बसून, मग एसटीत, मग इतकी वर्षं. त्या दुपारची प्रत्येक चढाई मला पाठ आहे, कुणी कुठून झेप घेतली, साखळी कुणी तोडली, बायकांनी कधी टाळ्या वाजवल्या, साहेबांनी कितव्या चढाईला मान डोलावली. तो मधल्या रेषेवर हात खाली सोडून उभा राहिलेला मात्र मला आठवत नाही. त्यानं खोटं सांगितलं असं एकदाही माझ्या मनात आलं नाही. मी त्याला बघितलंच नव्हतं.